पोलिसाच्या घरामागे कोण उभं राहिलं?

मंडळी, पोलिसांचा इतिहास आपण मुंबईत बसून लिहितो. पण शिपाई पडला की रडं उठतं ते गावात. 1669च्या सुमारास जेराल्ड ऑन्जियरने मुंबईच्या राखणीला भंडाऱ्यांची तुकडी उभारली. मुंबई पोलीस आपलं मूळ तिथे सांगतात. मालवणात भंडारी म्हणजे कोण, हे मी सांगायला नको. पुढे 1880च्या रत्नागिरी गॅझेटियरनेही नोंद केली, की इथली माणसं पलटणीत आणि मुंबईच्या पोलिसात जातात. तेव्हा मालवण रत्नागिरीतच होतं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 मध्ये.

आता हा माणूस गेल्यावर मागच्यांचं काय? मराठेशाहीत एक शब्द होता, बालपरवेशी. लढाईत पडलेल्याच्या पोरांच्या सांभाळासाठी लावून दिलेली नेमणूक. इतका चांगला शब्द आपण का टाकला, कळत नाही. पण बालपरवेशी सरकारची. शेजाऱ्याने काय केलं, याचे कागद दफ्तरात सापडत नाहीत.

ते शोधायचं तर गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांकडे जावं लागतं. एका गावच्या चाकरमान्यांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली. भिंतीला ओळीने ट्रंका, महिन्याची वर्गणी, जमाखर्चाची वही. गिरणीवाला असो की पोलीस, माणूस गेला की वर्गणी निघायची. गावात तार आली, की वाचायच्या आधीच घरात आकांत व्हायचा. म्हणून कोणीतरी जाणता माणूस सोबत लागायचा. त्यात पावसाळ्यात कोकणची बोट बंद, म्हणजे घाट उतरून यायचं. या लोकांना कोणी स्वयंसेवक म्हटलं नाही. त्यांनीही स्वतःला म्हटलं नसतं.

मग येतो 26 नोव्हेंबर 2008. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे. साळसकर म्हटलं की देवगडातलं साळशी कोणाला आठवत नाही? महिन्याभरात टाटांनी हल्ल्याची झळ बसलेल्यांसाठी ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट काढला. चांगलंच झालं. पण पुढच्याच वर्षी, 8 ऑक्टोबर 2009ला, गडचिरोलीत लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. त्यांतली किती नावं आपल्याला येतात? हात वर करायला सांगत नाही. मदत कॅमेऱ्याच्या मागून चालते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि घरच्यांना नुसता पैसाच हवा असतो असंही नाही. विनीता कामटे यांना हवं होतं ते त्या रात्रीचं खरं काय ते. त्यासाठी त्यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मागवल्या आणि 2009 मध्ये पुस्तक लिहिलं. एकट्या बाईने हे करायचं म्हणजे काय, विचार करा.

अमेरिकेत 1984 मध्ये ‘कन्सर्न्स ऑफ पोलीस सर्व्हायव्हर्स’ ही संघटना निघाली ती याच गरजेतून. ज्यांच्या घरचा पोलीस गेला, तेच नव्या घरी जातात. खटला उभा राहिला तर कोर्टात शेजारी बसतात. आपल्या गावकीच्या खोलीला ही कल्पना परकी वाटली नसती.

जाता जाता एक विनंती. मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या घरांत अशा मंडळांच्या जुन्या वह्या असतील, तर वाळवी लागायच्या आधी कोणाला तरी दाखवा.