कोळसुंद्याची चार नावं

कोळसुंद्याचा, म्हणजे रानकुत्र्याचा, खालचा जबडा हाती दिला की मी विद्यार्थ्यांना आधी दाढा मोजायला लावायचो. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन दाढा असतात, उपदाढा वेगळ्या. कोळसुंद्याला दोनच. बोट मागे नेत गेलं की दुसऱ्या दाढेनंतर थेट हाडच लागतं. इतका वेगळा प्राणी, तरी एकोणिसाव्या शतकात त्याचं बारसं पुन्हा पुन्हा झालं.

विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडला. इथल्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी 1831 साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात छापून आली. तीत रानकुत्रा ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ झाला आणि शेजारी मराठ्यांचा ‘कोळसुन’ही नोंदला गेला. खोकडाचं तर शास्त्रीय नावच ‘कॅनिस कोक्री’. इथल्या लोकांचा शब्द त्याने टाकून दिला नाही, म्हणून मला या माणसाबद्दल आदर आहे.

दोन वर्षांनी ब्रायन हॉजसनने नेपाळातल्या रानकुत्र्याला ‘कॅनिस प्रायमिव्हस’ म्हटलं, आणि 1838 मध्ये त्याच्यासाठी ‘कुऑन’ ही स्वतंत्र प्रजाती केली. जावातल्या रानकुत्र्याला 1839 मध्ये ‘रुटिलान्स’ हे नाव मिळालं.

या सगळ्यांच्या आधी पीटर सायमन पालास या रशियाच्या सेवेतल्या जर्मन पंडिताने अमूरच्या मुलुखातल्या रानकुत्र्याला ‘कॅनिस अल्पायनस’ नाव दिलं होतं. त्याच्या ग्रंथाची पानं 1811 मध्ये छापली गेली, पण चित्रांच्या ताम्रपटांपायी काम रखडलं आणि ग्रंथ लोकांच्या हाती सर्रास पडला तो 1831 च्या सुमारास. म्हणजे साइक्सची यादी निघाली त्याच सुमाराला! मग तारीख कोणती धरायची? प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1954 साली 1811 हीच धरली.

आधीचं नाव खरं, हे तत्त्व ह्यू स्ट्रिकलंडच्या समितीने 1842 मध्ये नियमांत बांधलं. त्या समितीत डार्विनही होता. दख्खनचं नाव मागे पडलं याचं मराठी वाचकाला वाईट वाटेल, पण निकाल मला रास्त वाटतो. कोणाचं नाव अधिक गोड, कोणाचा मुलूख आपला, यावर निवाडे होऊ लागले तर तंटे कधीच मिटायचे नाहीत. शिवाय वाटणी उदार आहे. प्रजाती हॉजसनची, जाती पालासची, आणि दख्खनकडचा कोळसुंदा उपजात म्हणून वेगळा धरला की तिथे साइक्सचं नाव लागतं: कुऑन अल्पायनस दुखुनेन्सिस. खोकडाच्या वाट्याला एवढंही आलं नाही. शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने दिलेलं ‘बेंगालेन्सिस’ 1800 सालचं, त्यापुढे ‘कोक्री’ टिकलं नाही.

मात्र बाद नावं पुसून टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. भारतातल्या सस्तन प्राण्यांवर लिहिणाऱ्या जर्डनच्या 1867 च्या ग्रंथात हा प्राणी ‘कुऑन रुटिलान्स’ आहे, त्याच विषयावर नंतर लिहिणाऱ्या ब्लॅनफर्डकडे ‘दुखुनेन्सिस’. नुसतं ‘अल्पायनस’ शोधत बसलेल्या अभ्यासकाला या दोघांच्या नोंदी सापडणारच नाहीत. कोळसुंदा तेव्हा कुठल्या डोंगरांत होता, कुठून हटला, हे ज्याला लिहायचं आहे त्याने आधी बाद नावांची यादी तारखांसह उतरवून घ्यावी आणि मगच जुने ग्रंथ उघडावेत.