यवतमाळचे सागवन : एका पानझडी जंगलाची घडण

यवतमाळ जिल्ह्याचे जंगल म्हणजे सागाचे जंगल, ही समजूत इतकी रुळली आहे की सागाचे हे प्राबल्य कशातून आले, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वनशास्त्राच्या परिभाषेत हे शुष्क पानझडी वन, म्हणजे चार महिन्यांच्या पावसावर वाढणारे आणि उन्हाळ्यात बहुतेक पाने गाळून उभे राहणारे जंगल होय. त्यात सागासोबत ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह आणि चारोळी वाढतात, तर माती उथळ असलेल्या खडकाळ माथ्यांवर सालई पुढे येते. निचरा होणारे काळ्या खडकाचे उतार सागाला मानवतात, पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन मात्र मानवत नाही, हे खरे. परंतु केवळ जमिनीने या जंगलाचा उलगडा होत नाही.

1853 साली वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला आणि 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने कापसाला अपूर्व मागणी आणली, तेव्हा सपाटीची जमीन झपाट्याने नांगराखाली गेली व जंगल मुख्यतः डोंगरउतारांवर उरले. त्या उरलेल्या जंगलाची सरकारने इमारती लाकूड व सरपण, गवत आणि चराई अशा तीन वर्गांत विभागणी केली; झाडे कापून खुंटाच्या फुटव्यांतून नवे जंगल उभे करण्याची पद्धतही रूढ झाली. साग खुंटातून जोमाने फुटतो, त्याचे रोप वणव्यानंतर मुळातून पुन्हा उठते आणि गुरे त्याच्या खरखरीत पानांना सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून कुऱ्हाड, आग व चराई हे तिन्ही ताण एकत्र आले की पारडे सागाकडे झुकते, आणि ज्यांची रोपे कोवळेपणी खाल्ली किंवा जाळली जातात ती झाडे मागे पडतात. आगीने जंगलाचे रूप बदलते, हे आफ्रिकेतही आढळले: आजच्या झांबियात एन्डोला येथे 1933 साली सुरू झालेल्या प्रयोगांत, दरवर्षी कोरड्या ऋतूच्या अखेरीस लावलेल्या आगीने उंच झाडांचे छत्र मोडले, तर आगीपासून राखलेल्या तुकड्यांत ते टिकून राहिले.

सरकारने केलेल्या जंगलाच्या या तीन वर्गांतील विभागणीची झळ लोकांना बसली ती मुख्यतः गवत व सरपणाच्या रूपाने. 10 जुलै 1930 रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला; हाच जंगल सत्याग्रह. ही कृती निवडण्यामागे गवताचा हा रोजचा प्रश्नही होता, आणि सत्याग्रहाचा हा पैलू इतिहासलेखनात पुरेसा उजेडात आलेला नाही.

सागाच्या खोडात दर पावसाळ्याबरोबर एक वलय पडते, त्यामुळे त्याची वाढ मोजता येते. परंतु सागाची संख्या व जाडी यांवरूनच यवतमाळच्या जंगलाची प्रकृती ठरवणे अपुरे आहे. त्यासाठी बिजा, मोह आणि तेंदूची किती रोपे उन्हाळ्यानंतर जगतात, हे मोजले गेले पाहिजे.