क्रीडानिधीची वाटणी : जबलपूरच्या निमित्ताने

शालेय क्रीडासंघांच्या निधीविषयीच्या तक्रारी प्रशासनात किरकोळ समजल्या जातात. मुलांच्या संघाला नवे साहित्य मिळाले, मुलींना जुने. क्रिकेटला खेळपट्टी मिळाली, हॉकीला मैदानाचा खडबडीत कोपरा, असा अर्ज आला की त्यावर "नियमानुसार कार्यवाही व्हावी" असा शेरा पडतो आणि तो ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच अहवालासाठी रवाना होतो. तेथून "अनुदान नियमानुसार खर्च झाले आहे" असे उत्तर येते व प्रकरण नस्तीबद्ध होते. हे उत्तर बहुधा खोटे नसते, पण त्याने तक्रारीचे निवारणही होत नाही. असे का होते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आणि त्यासाठी जबलपूरचे उदाहरण सोयीचे आहे.

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. 1798 पासून 1817 पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले. 1870 मध्ये मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग येथे जुळला आणि शहराला महत्त्व आले. त्याच सुमारास, 1868 मध्ये, येथे दोन शिक्षणसंस्थांचा उगम झाला : स्थानिक नागरिकांची हितकारिणी सभा आणि मिशनऱ्यांची सेंट अलॉयशियस शाळा. एकाच वर्षी, एकाच गावात निघालेल्या या दोन संस्थांची सामाजिक मुळे मात्र वेगवेगळी होती.

त्या काळचे अनुदानाचे तत्त्व 1854 च्या वुडच्या खलित्यातून आलेले होते. संस्थेने स्वतः काही रक्कम उभी करावी, सरकार त्यात भर घालील, असे त्याचे स्थूल स्वरूप. वरवर पाहता ते निःपक्षपाती आहे. पण ज्याच्यामागे सधन पालक व देणगीदार आहेत त्याची स्वतःची रक्कम मोठी, म्हणून सरकारी भरही मोठी. ज्याच्याकडे काही नाही त्याला नियमाने काही मिळतही नाही. 1882 च्या हंटर आयोगाने देशी खेळ, व्यायाम व कवायत यांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. ती करताना प्रत्येक वर्गातील शाळेच्या परिस्थितीस अनुरूप असे खेळ असावेत, असेही म्हटले. म्हणजे परिस्थिती विषम आहे हे आयोगाला ठाऊक होते. ती विषमता भरून काढावी, असे मात्र त्या शिफारशीत नव्हते.

खेळातील गुणवत्ता अर्थातच या हिशेबाची वाट पाहत थांबली नाही. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंह यांचा जन्म 1908 मध्ये जबलपूरचा. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असे हरवले, त्यांतील 10 गोल त्यांचे होते. पुढे 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, त्या संघात जबलपूरच्या मधू यादव होत्या. ग्वाल्हेरला रूपसिंहांच्या नावाचे हॉकीचे मैदान झाले. कालांतराने तेच क्रिकेटचे मैदान बनले आणि 2010 मध्ये सचिन तेंडुलकरचे एकदिवसीय सामन्यातील द्विशतक तेथेच झाले. नाव हॉकीपटूचे राहिले, मैदान मात्र क्रिकेटकडे गेले. त्यात कुणी नियम मोडला असेल असे मानण्याचे कारण नाही. बळ ज्या खेळामागे, जागा त्या खेळाला, हा ओघ नियम न मोडताही चालू राहतो.

हा ओघ अडविण्याचा कायदेशीर प्रयत्न अमेरिकेत झाला. 1972 च्या कायद्यातील 'टायटल नाईन' या भागाने सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई केली. 1975 मध्ये त्याखाली जे नियम झाले, ते आपल्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. दोन संघांवरचा एकूण खर्च समान नाही, एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, असे ते म्हणतात. पण साहित्य, सरावाच्या वेळा, प्रवास, प्रशिक्षक, कपडे बदलण्याच्या खोल्या, प्रसिद्धी अशा बाबी एकेक करून तपासायला लावतात. रुपया हे माप नव्हे, खेळाडूच्या हाती प्रत्यक्ष काय पडले हे माप.

याच कायद्याखाली अलाबामातील बर्मिंगहॅमचे एक प्रकरण गाजले. रॉडरिक जॅक्सन हे एन्स्ली हायस्कूलमध्ये मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक. आपल्या संघाला निधी व सुविधा समान मिळत नाहीत, अशी तक्रार त्यांनी डिसेंबर 2000 मध्ये सुरू केली. सुधारणा झाली नाहीच. मे 2001 मध्ये त्यांचे प्रशिक्षकपद मात्र गेले. 29 मार्च 2005 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरविले की, तक्रार केल्याबद्दल सूड उगवणे हाही त्याच कायद्याने मना केलेला भेदभाव होय. तक्रारदाराला संरक्षण नसेल तर तक्रारच येणार नाही, आणि तक्रार नाही म्हणजे सर्व आलबेल, असे कार्यालय मानून चालेल.

आता आपल्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि प्रत्येक वर्गाला आवश्यकतेप्रमाणे खेळाचे साहित्य द्यावे असे आहे. 2018-19 पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांसाठी वार्षिक क्रीडा अनुदान ठेवले गेले : प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत. शाळाशाळांमधील समता येथे बऱ्याच अंशी साधली. परंतु रक्कम शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर ती कोणत्या संघाकडे जाते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय कबड्डीच्या संघाचे थोडक्यात भागते. हॉकीच्या एका गोलरक्षकाच्या संरक्षक साहित्याला त्याहून कितीतरी अधिक लागते. म्हणून समान वाटणी हाही न्याय नव्हे.

तेव्हा असा अर्ज जबलपूरच्या असो वा अन्य कोणत्या कार्यालयात आला, तर चार गोष्टी कराव्यात. एक, अहवाल फक्त मुख्याध्यापकांकडून न मागवता मैदानावर जाऊन खेळाडूंशी बोलावे. दोन, रकमेऐवजी साहित्य, वेळ, जागा, प्रशिक्षक आणि प्रवास यांची संघवार नोंद मागवावी. तीन, फरक आढळल्यास त्याचे कारण लेखी घ्यावे व ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे. खेळाच्या गरजेमुळे पडलेला फरक टिकेल, सवयीने पडलेला टिकणार नाही. चार, तक्रार करणाऱ्या शिक्षकाची वर्षभरात बदली अथवा कामात बदल प्रस्तावित झाल्यास तो प्रस्ताव वरिष्ठांनी स्वतः पाहावा.

यांपैकी कशालाही नवा शासननिर्णय लागत नाही. मैदानापर्यंत जाण्याची तसदी मात्र लागते. "नियमानुसार" हा शेरा दीडशे वर्षे विषमतेच्या बाजूने राबला आहे. तो लिहिण्यापूर्वी अधिकाऱ्याने एकदा विचारावे की, या नियमाने त्या मुलीच्या हातात आज कोणती हॉकी स्टिक आहे.