गिरणगावची रात्र आणि तिची चूल

रात्रीची मुंबई म्हटली की आज अनेकांना लोअर परळ आठवते. कमला मिल, फिनिक्स मिल या नावांत 'मिल' हा शब्द तेवढा उरला आहे. आत उपाहारगृहे, मद्यालये आणि रोषणाई आहे. अँटॉप हिलहून तिकडे जाणाऱ्या तरुणांना वाटते, की ही वस्ती रात्री जागू लागली ती आता. खरे म्हणजे ती शंभर वर्षे जागीच होती.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. पुढे कोकणातून आणि देशावरून माणसे आली. बहुतेकांची बायकामुले गावीच राहिली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या बाईने घातले. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीच्या भोंग्यावर तिची चूल पेटे. महिनाभर जेवावे आणि पगार झाला की हिशेब चुकवावा, असा व्यवहार असे. त्याला कागद नव्हता, शब्द होता.

दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटे. मग भजन, दशावतार, शाहिरी. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगार रंगभूमीचे घर झाले. या रात्रीला शिट्ट्याही होत्या आणि विचारही होता.

असे अन्यत्रही घडले आहे. आपली मंडळी सहलीला सिंगापूरला जातात आणि तिथल्या नदीकाठी जेवतात. त्या गोदामांतून एके काळी हमाल पोती वाहत. रात्री रीड पुलापाशी बसून ते कथेकऱ्यांच्या गोष्टी ऐकत. १९८३ साली मालवाहू होड्या तिथून हलवल्या, नदी स्वच्छ झाली, गोदामांची उपाहारगृहे झाली. नदी स्वच्छ झाली हे चांगलेच झाले; पण पाहुण्याला हमाल दिसत नाही.

आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, तरी अनेक खानावळवाल्यांनी उधारीवर ताट वाढले. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेच्या कर्जाची वाट दाखवली होती.

गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हावेत, त्यांतले दोन मोकळ्या जागेला आणि घरांना मिळावेत, असा नियम १९९१ साली झाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फार आकसले; २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. मग उपाहारगृहे दाटली. २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटताच, कमला मिलमधल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. गिरणीत अपघात झाला की आम्ही दारे किती, वाट कुठे, हे विचारत असू. जेवणघरातही तेच विचारले पाहिजे.

आजही तिथे भांडी घासणारी, ताटे वाढणारी मुले उत्तररात्री सुटतात. त्यांनाही कुणाची तरी चूल लागते. म्हणून माझी विनंती अशी: आपल्या घरात कुणी खानावळ चालवली असेल, तर तिचे नाव, चाळ, जेवणाऱ्यांची संख्या आणि महिन्याचा दर लिहून जवळच्या वाचनालयात द्या. मालकांची नावे गिरण्यांच्या कमानींवर कोरलेली होती. या बायकांची नावे निदान वहीत तरी राहू द्या.