लाल किटली लागण्याआधीची शंभर वर्षं

गेल्या दिवाळीत पुण्याहून कराडला जाताना खंबाटकी घाटात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाची लाल किटली लागली. मी गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिनातून ठकठक ऐकू यायला लागली होती. गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर उघडलं तर आत काकवीसारखा काळा गाळ! मेस्त्रींनी ऑइल चेंबर खोलून तेल ओढणारी जाळी दाखवली. अर्ध्याहून जास्त बुजलेली. म्हणजे इंजिनचं काम निघालं.

गाडी बाबांची. ती माझ्याकडे आल्यापासून दोन वर्षांत मी एकदाही तेल बदललं नव्हतं. "चालतेच किती? ऑफिस सहा किलोमीटर!" असं मी म्हणायचो. बाबा मात्र दर रविवारी डिपस्टिक पुसून बघायचे, आणि मी हसायचो. ती सवय आली कुठून, हे शोधताना आजचा भाग सापडला.

सुरुवात वाफेच्या इंजिनापासून. तेव्हा तेल घालायला गाडी थांबवावी लागायची. रेल्वेत हेच काम केलेल्या एलायजा मॅकॉय यांनी 1872 मध्ये इंजिन चालू असतानाच तेल पोचवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. माणसाच्या हातातली तेलाची बुधली सुटायला लागली ती अशी.

मग 1908 ची फोर्ड मॉडेल टी. तिला ऑइल पंप नाही, फिल्टर नाही, डिपस्टिकसुद्धा नाही! फिरणारं फ्लायव्हील तेल उडवायचं आणि ते आत सगळीकडे शिंपडलं जायचं. पातळी बघायची तर गाडीखाली वाकायचं. तिथे दोन तोट्या, एक वर, एक खाली. खालच्या तोटीतून तेल आलं नाही तर गाडी हलवायची नाही. कटकट होती, पण तेलाकडे लक्ष न देता गाडी चालवणं जवळपास अशक्य होतं.

1923 च्या सुमारास फिल्टर आला, प्युरोलेटर नावाने. 1924 च्या क्रायस्लरमध्ये तर पंपाच्या दाबाने तेल पुरवणारी व्यवस्था आणि तेलाचा फिल्टर, दोन्ही होतं. 1930 च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटून बसायला लागल्या. त्यावर उपाय म्हणून तेलात डिटर्जंट मिसळले गेले. कपड्याच्या साबणासारखंच काम, फक्त इथे मळ धुऊन बाहेर जात नाही. तो तेलातच तरंगत राहतो. म्हणून चांगलं तेलही लवकर काळं पडतं, आणि नुसत्या रंगावरून ते खराब ठरत नाही.

खरी गोम इथेच आहे. मळ धरून ठेवायची या रसायनांची ताकद मर्यादित असते. ती संपली, उष्णतेने तेलाचं ऑक्सिडेशन झालं, की मळ खाली बसतो आणि गाळ होतो. आणि माझे ते सहा किलोमीटर? इतक्या कमी अंतरात तेल पुरेसं तापतच नाही. ज्वलनातून आलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यात साचत राहतं. म्हणजे "गाडी कमी चालते" हीच माझ्या गाडीची अडचण होती.

बरं, ती लाल किटली? ती तेल जुनं झालंय हे सांगत नाही. तेलाचा दाब पडला, एवढंच सांगते. जाळी बुजून बेअरिंगला तेल कमी पडायला लागलं, तेव्हा ती लागली. तो शेवटचा इशारा होता. मी त्याला पहिला समजत होतो.

शंभर वर्षांत इंजिनिअरांनी तेलाची काळजी इतकी छान लपवली, की ती घ्यावी लागते हेच मी विसरलो. सॉफ्टवेअरमध्येही आम्ही हेच करतो, असो.

बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "डिपस्टिक पुसायला जुनं बनियन ठेवलंय डिकीत, अजून असेल बघ," एवढंच म्हणाले. होतं, घडी घातलेलं.

तेव्हा मंडळी, मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या शेजारी महिनेही लिहिलेले असतात. जे आधी भरेल ते धरा. भेटू पुढच्या भागात!