‘मिडीव्हल’ : एका शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेतील कित्येक शब्द आमच्या भाषेत इतक्या मुकाट्याने शिरले आहेत की, ते परके असतील अशी शंकाही कोणास येत नाही. ‘मध्ययुग’ आणि त्यापासून साधलेले ‘मध्ययुगीन’ हे विशेषण ही या जातीची जोडी होय. तिचे प्रत्येक अक्षर संस्कृत असल्यामुळे ती व्यासवाल्मीकींच्या काळापासून चालत आली असावी असा भास होतो. वस्तुतः ‘मिडल एजेस’ व ‘मिडीव्हल’ या इंग्रजी शब्दांवर चढविलेला तो संस्कृत पेहराव आहे. एखाद्या गावी अमानुष प्रकार घडला की वर्तमानपत्रे त्यास ‘मध्ययुगीन क्रौर्य’ म्हणतात. सभेतील वक्ते प्रतिपक्षाची ‘मध्ययुगीन मनोवृत्ती’ काढतात. त्याच वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत ज्ञानेश्वर व नामदेव हे ‘मध्ययुगीन संतकवी’ म्हणून गौरविले जातात. आणि आमचे विद्यार्थी परीक्षेत ‘मध्ययुगीन भारत’ या विषयावर उत्तरे लिहितात. शब्द एकच, पण एके ठिकाणी तो शिवी आहे आणि दुसरे ठिकाणी कालमापनाची संज्ञा. शिवी आणि संज्ञा यांचे बिऱ्हाड एकाच शब्दात झाले म्हणजे विचाराचा घोटाळा व्हावयाचाच. तो कसा झाला हे पाहावयाचे तर शब्दाच्या माहेरी जावे लागेल.

‘मध्य’ म्हटले की त्यास दोन टोके हवीत. ज्यांना आपण मध्ययुगीन म्हणतो त्या युरोपीय लोकांस आपण कशाच्या तरी मध्ये आहो याची वार्ताही नव्हती. सेंट ऑगस्टीनने जगाच्या इतिहासाची सहा युगे पाडली होती, आणि येशूच्या जन्मापासून सुरू झालेले सहावे युग हे या लोकीचे अखेरचे, अशी त्यांची समजूत होती. इसवी सन १००० मधील एखाद्या मठवासी लेखकास कोणी ‘तू मध्ययुगात राहतोस’ असे सांगितले असते, तर त्याला त्याचा अर्थ कळला नसता. हे नाव देण्यास पलीकडच्या काठावर उभा राहिलेला, किंवा उभे राहिल्याची ज्याला खात्री आहे असा मनुष्य हवा होता.

असा पहिला मनुष्य म्हणून इटालियन कवी पेट्रार्क (१३०४–१३७४) याचे नाव घेतात. गंमत अशी की, त्याला स्वतः पलीकडे पोचल्याची खात्री नव्हती. आपण अंधारातच जन्मलो व अंधारातच मरणार, पुढील पिढ्यांना मात्र उजेड दिसेल, अशी त्याची आशा होती. त्याचा उजेड म्हणजे जुन्या रोमचे वैभव व लॅटिन वाङ्मय. त्यापूर्वी ख्रिस्ती लेखक उजेड-अंधाराचे रूपक नेमके उलट्या अर्थाने वापरीत : येशूपूर्वीचे रोमन लोक ते अंधारातले, आणि धर्म मिळाला तेव्हापासून प्रकाश. पेट्रार्कने हे रूपक पालथे केले. १९४२ मध्ये थिओडोर मॉम्सेन या विद्वानाने एका निबंधात ही गोष्ट विशद करून दाखविली. (रोमचा इतिहास लिहिणाऱ्या थोर मॉम्सेनचा हा नातू. आजोबांनी रोमची कीर्ती गावी आणि नातवाने त्या कीर्तीमुळे कोणावर काळोखी फासली गेली ते सांगावे, हा योग मोठा मौजेचा आहे.)

पुढील शतकात इटालियन पंडितांनी मधल्या काळास नावच देऊन टाकले. फ्लाव्हिओ बिऑन्डो याने रोमच्या ऱ्हासापासून आपल्या दिवसांपर्यंतच्या सुमारे हजार वर्षांचा इतिहास एका सूत्रात ओवला. १४६९ मध्ये बुस्सी नावाच्या बिशपाने आपल्या दिवंगत आश्रयदात्याची स्तुती करताना ‘मधला काळ’ अशा अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग केला. इंग्लंडात कॅम्डेन या पंडिताने १६०५ मध्ये तोच अर्थ इंग्रजीत आणला. पण या शब्दाला पाठ्यपुस्तकाचे आसन दिले ते जर्मन अध्यापक सेल्लारियस याने. त्याने प्राचीन, मध्य व नवीन अशा तीन कालखंडांची तीन पुस्तके रचली. त्यांपैकी मधले १६८८ मध्ये निघाले. त्याचा आरंभ सम्राट कॉन्स्टंटाइनपासून असून शेवट १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले तेथे होतो. आम्हां मास्तरलोकांचे सामर्थ्य काही सामान्य नाही. कवीने जे हळहळून म्हटले ते मास्तराने वेळापत्रकात घातले, आणि तेव्हापासून ते साऱ्या जगास पाठ झाले.

‘डार्क एजेस’ या भावंडाची हकीकत थोडी निराळी आहे. कार्डिनल बारोनियस याने १६०२ मध्ये चर्चच्या इतिहासाचा जो खंड छापला त्यात इसवी सनाच्या दहाव्या शतकास ‘अंधारे’ म्हटले आहे. त्या शतकातील अनाचारालाही त्याने नावे ठेविली आहेत हे खरे; परंतु अंधारे म्हणण्याचे कारण त्याने स्पष्ट दिले आहे ते असे की, त्या काळी लिहिणारे फार थोडे झाले. म्हणजे काळोख होता तो इतिहासकाराच्या दिव्याखाली. साधने नाहीत म्हणून आम्हांस दिसत नाही, हे प्रामाणिक वाक्य होते. पुढे त्याचे ‘त्या लोकांस काही दिसत नव्हते’ असे झाले.

अठराव्या शतकातील बुद्धिवाद्यांनी आणि त्यांच्याआधी प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी या हजार वर्षांवर जी झोड उठविली ती सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार येथे नको. मात्र ‘मिडीव्हल’ हे विशेषण इंग्रजीत आले ते त्यांच्या तोंडून नव्हे. ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या इमारती, शिल्पे व हस्तलिखिते यांचे शोधक वापरू लागले, आणि तेही बहुधा प्रेमाने. तो काळच उलट्या वाऱ्याचा होता. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ १८१९ च्या अखेरीस बाहेर पडली होती. १८३४ मध्ये वेस्टमिन्स्टरचे पार्लमेंटगृह जळाले तेव्हा नवे गृह गॉथिक धर्तीवर बांधावे असे ठरले. रस्किनने गॉथिक कारागिराच्या हाताच्या स्वातंत्र्याचे गोडवे गायिले. हाच ‘गॉथिक’ शब्द इटालियन पंडितांनी रानटी या अर्थाने योजिला होता! या लाटेचे पाणी आमच्या मुंबईपर्यंत आले. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, बोरीबंदरचे भव्य स्थानक पुढील दहा वर्षांत उभे राहिले. दोन्ही त्याच धर्तीची. ज्या साहेबाने आम्हांस ‘तुम्ही मध्ययुगात रखडला आहात’ असे वर्गात शिकविले, त्याने तो वर्ग मध्ययुगाच्याच कमानीखाली भरविला होता.

संशोधन वाढले तसतशी शिवी निराधार ठरत गेली. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड ही विद्यापीठे या ‘अंधाऱ्या’ हजार वर्षांतली. नाकावरचा चष्मा तेराव्या शतकातील इटलीचा. यांत्रिक घड्याळ त्याच सुमाराचे. १९२७ मध्ये हॅस्किन्स या अमेरिकन अध्यापकाने ‘बाराव्या शतकातील पुनरुज्जीवन’ या नावाचा ग्रंथ लिहून पेट्रार्कच्या पहाटेपूर्वी दोनशे वर्षे उजाडलेले होते हे दाखविले. त्या काळचे विद्वान पृथ्वी सपाट मानीत, ही गोष्ट अजून कित्येक शाळांतून सांगितली जाते. पृथ्वीचा गोल शिकविणारे साक्रोबोस्कोचे पुस्तक तेराव्या शतकापासून विद्यापीठांत चालू होते. सपाट पृथ्वीच्या कथेस लोकप्रिय केले ते वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२८ मध्ये लिहिलेल्या कोलंबसाच्या रसाळ चरित्राने.

परंतु आमच्या मते खरा मासला चेटकिणींच्या छळाचा आहे. ‘मध्ययुगीन’ म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती चितेवर जळणारी चेटकीण. आता सनावळी पाहा. त्या छळाचा मार्गदर्शक म्हणून कुप्रसिद्ध झालेला ग्रंथ १४८६ च्या सुमारास, म्हणजे छापखाना निघाल्यावर, छापला गेला. आणि छळाचा कळस झाला तो १५६० पासून १६५० पर्यंत. सुमारे ४०,००० ते ६०,००० माणसे त्यात मारली गेली असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. हा काळ सेल्लारियसच्या हिशेबाने नवा; गॅलिलिओचा, बेकनचा, देकार्तचा. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा केप्लर आपल्या म्हाताऱ्या आईवरील चेटुकाचा खटला लढवीत होता. १६१५ मध्ये सुरू झालेले ते प्रकरण १६२१ पर्यंत चालले, आणि म्हातारी साखळदंडांत राहून कशीबशी सुटली. त्या खटल्यात न्यायाधीश होते, लेखी पुरावा होता, विद्यापीठाचे कायदेशीर मत मागविले होते. यांतील कोणती गोष्ट रानटी म्हणावी?

तेव्हा शिवीचा व्यवहार असा ठरतो : पाप नव्याने करावे आणि ते जुन्याच्या खात्यावर मांडावे. विसाव्या शतकात जर्मनीकडून लक्षावधी ज्यू लोकांचा संहार झाला त्यासही ‘मध्ययुगाकडे परतणे’ म्हणणारे निघाले. पण त्या संहारास आगगाड्यांची वेळापत्रके लागली, रासायनिक कारखाने लागले, घराघराची शिरगणती लागली. यांपैकी एकही साधन बाराव्या शतकातील अत्यंत दुष्ट राजाजवळदेखील नव्हते. तो काळ निष्पाप होता असे आमचे म्हणणे नाही. त्याची पापे त्याला पुरे आहेत. आमची त्याच्या गळ्यात का बांधावी, एवढाच प्रश्न.

आता हा शब्द आमच्या घरी कसा नांदला ते पाहू. आमच्या परंपरेत युगे चार; त्यांत मधले असे नाव कोणासच नाही, आणि चालू आहे ते कलियुग संपण्यास लाखो वर्षांचा अवकाश आहे. नित्याच्या व्यवहारात ‘प्राचीन’ व ‘अर्वाचीन’ ही दोनच विशेषणे असत. एक पूर्वीचे, दुसरे अलीकडचे. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ मध्ये ‘प्राचीन ऐतिहासिक कोश’ व १८८१ मध्ये ‘अर्वाचीन कोश’ रचला. मधल्या कोशाची उणीव त्यांस भासली नाही. पण सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रकोशांचे प्रचंड काम हाती घेतले तेव्हा काळ बदलला होता. त्यांचे कोश तीन झाले : १९३२ चा प्राचीन, १९३७ चा मध्ययुगीन, १९४६ चा अर्वाचीन. शास्त्रीबोवांचे मध्ययुग चंद्रगुप्त मौर्यापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत आहे! म्हणजे अशोक मध्ययुगीन, कालिदास मध्ययुगीन आणि दुसरे बाजीरावसाहेबही मध्ययुगीन. कोशाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी गैर नव्हे. पण शब्द किती पोकळ आहे ते तिच्यामुळे उघड होते.

भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९२१ ते १९२६ या वर्षांत इंग्रजीत मध्ययुगीन हिंदू भारताचा जो इतिहास लिहिला, त्यात हे युग सुमारे इ. स. ६०० ला सुरू होऊन १२०० ला संपते. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ते पुष्कळदा १२०० च्या सुमारासच सुरू होई. लेनपूलच्या १९०३ मधील पुस्तकाचे मध्ययुग ७१२ ते १७६४. याचे मूळ जेम्स मिल्लच्या १८१७ च्या ग्रंथात आहे. त्याने आमच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमानी व ब्रिटिश असे तीन भाग केले. पहिल्या दोहोंस धर्माचे नाव दिले आणि तिसऱ्यास मात्र राष्ट्राचे. पुढे या तीन कप्प्यांवर प्राचीन, मध्य, अर्वाचीन या युरोपातील चिठ्ठ्या डकविल्या गेल्या. अर्थात अंधाराची शिवी मुसलमानी अमलास आपोआप चिकटली, आणि उजेडाचा मान आगबोटीतून उतरलेल्यांस मिळाला. अलीकडील अभ्यासक ६०० ते १२०० यास ‘आद्य मध्ययुग’ म्हणू लागले आहेत. त्यांनी जमीनदाने, ग्रामव्यवस्था, व्यापार यांवरून कालविभाग पाडण्याचा यत्न केला, तो राजाचा धर्म पाहून केलेल्या विभागणीपेक्षा निःसंशय बरा. पण शब्द मात्र जुनाच ठेविला.

मराठीपुरते बोलावयाचे तर या अंधारात आमचे सर्वस्व सापडते. चक्रधरांची लीळा, शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी, एकनाथ, तुकोबा. ज्या काळात आमच्या भाषेने डोळे उघडले त्यास आम्ही कोणत्या दोन उजेडांमधील काळोख म्हणावे? यासाठी विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सांगत आलो की, होईल तितके शतकाचे नाव घाला. ‘तेरावे शतक’ म्हटले की लिहिणाऱ्यास त्या शतकाविषयी काहीतरी ठाऊक असावे लागते. ‘मध्ययुगीन’ म्हणण्यास काहीच लागत नाही.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा १६३८ चा. आमच्या पुष्कळशा पाठ्यपुस्तकांत मध्ययुग औरंगजेबाबरोबर १७०७ मध्ये संपत असे. म्हणून महाराज मध्ययुगीन, आणि त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान लुई मात्र अर्वाचीन. १६७४ च्या जून महिन्यात राज्याभिषेकप्रसंगी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. या हिशेबाप्रमाणे तो अर्वाचीन इंग्लंडातून निघून मध्ययुगीन गडावर चढला. तेथे त्याने नजराणा दिला, राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई मागितली, तहाच्या कलमांवर घासाघीस केली, आणि ती मंजूर करून घेऊन तो मुंबईस परतला.