घर पाण्याखाली, वाट ध्यानात

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथे ‘सठिया गये’ म्हणतात, तेही हसूनच. ‘म्हातारचळ’ या शब्दात हसण्याबरोबर थोडी चीडही आहे. म्हातारपणी काही माणसांची ओळख पुसत जाते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. जाणतेपणानंतर काहीच न जाणण्याच्या वयापर्यंत माणूस परत नेला जातो, असा उल्लेख कुराणातही आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पण तिथे तो क्रोधाच्या संदर्भात येतो. आज डॉक्टर डिमेन्शियासाठी हा शब्द वापरतात. भोर-वेल्ह्याच्या खेड्यांत तो माझ्या कानी कधी पडला नाही. तिथे म्हणतात, ‘म्हातारी भ्रमिष्ट झाली.’

या आजाराच्या इतिहासात जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांचे नाव राहिले. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई त्यांच्यासमोर आली. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत आपले निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. पण पहिली लक्षणे पाहिली ती तिच्या नवऱ्याने. तो रेल्वेत कारकून होता. बायको आपल्यावर विनाकारण संशय घेते, मग स्वयंपाक चुकते, मग वस्तू लपवते, हे त्याने घरात पाहिले होते. सांभाळणाऱ्याला आधी कळते आणि डॉक्टरला मागाहून, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी वृद्धांशी आणि आरोग्यसेवकांशी बोलून एक अभ्यास केला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. लोकांना लक्षणे नेमकी ओळखता आली. कोकणीत त्यासाठी मेंदू थकला अशा अर्थाचा शब्दही होता. मात्र हा आजार आहे, असे कुणाला वाटत नव्हते. वयाचा धर्म म्हणून काहींनी सोडून दिले, काहींनी मुलांनी आबाळ केली, माया केली नाही, असे कारण सांगितले. मला हे दुसरे कारण फार क्रूर वाटते. ज्या घरात अशी म्हातारी असते, त्या घराची झोप उडालेली असते. वरून गाव म्हणते, सून बघत नसेल!

काही वर्षांपूर्वी जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला मी भोर तालुक्यातल्या एका वाडीत जात असे. तिथली एक आजी ऐंशीच्या पुढची. तिचे माहेर वेल्ह्यातले, पानशेतच्या धरणाने उठवलेल्या गावांपैकी. ते धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याच्या आठवणीत तो दिवस कायमचा राहिला. धरणाच्या वरच्या अंगाला जी गावे उठली, त्यांची आठवण इतकी कुणी काढली नाही. आजीला मुलाचे नाव आठवत नव्हते. ओव्या मात्र एकामागून एक, न अडखळता म्हणत होती. मेंदूतला नवी आठवण साठवणारा भाग बहुधा आधी झिजतो, जुने त्यामानाने उशिरा जाते, असे शास्त्र सांगते.

दिवेलागणीला ती उठायची. “चल, घरी जाऊ.” सून सांगायची, “आत्याबाई, तुमचं गाव पाण्यात गेलं. किती साल झाली.” आजी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. सून मला म्हणाली, “म्या रोज तिचं माहेर बुडवत हुते.” मग तिने सांगणे सोडले आणि विचारायला सुरुवात केली, “घरी कोण कोण हाय, आत्याबाई?” की आजी सांगायची: खाचरात भात, वरकसात नाचणी, दारात बांधलेली म्हैस. सांगता सांगता निवायची. सातवी शिकलेल्या या बाईला हे कुणी शिकवले नव्हते. पुण्यातल्या तज्ज्ञांकडूनही पुढे मी हेच ऐकले, की वाद घालू नका, भावनेला उत्तर द्या.

(वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. स्मरणशक्तीच्या चाचणीत माणूस कुठे आहे, हेही विचारतात. आता वेल्ह्याच्या एखाद्या आजीने तालुका ‘वेल्हे’ सांगितला, तर गुण कापू नयेत, एवढीच विनंती.)

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. खेड्यांत प्रमाण शहरापेक्षा जास्त, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. मूळ आजार बरा करणारे औषध अजून नाही. तरी ‘वय झालं’ म्हणून घरी बसू नये. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही बुद्धी मंदावते, आणि ते उपचाराने सुधारू शकते. एकाएकी एक-दोन दिवसांत माणूस भ्रमला, तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा तर तातडीने दवाखाना गाठावा.

त्या सुनेचा नवरा मुंबईला माथाडीत. वाडीत पाणी, गुरे, स्वयंपाक आणि आजी, सगळे तिच्याकडे. तिला काय हवे, असे मी विचारले. औषध, पैसा असे काहीतरी म्हणेल, असे वाटले होते. ती म्हणाली, “एक रात सलग झोप.” नणंद दोन वाड्या पलीकडे दिलेली होती. तिला निरोप गेला. आठवड्यातून दोन रात्री येऊन ती आईजवळ निजू लागली. भातलावणी लागेपर्यंत ते चालले.